नोंद नाही, म्हणे!

शालूताई गेल्याचं मला दोनदा कळलं. पहिल्यांदा अण्णांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, फोनवरून. मी ट्राममध्ये होते, ईस्ट क्रॉयडनच्या जरा अलीकडे, हातात ओली छत्री. एरवी "मोकळी आहेस का गं?" असं विचारल्याशिवाय अण्णा पुढचा शब्द बोलायचे नाहीत, त्या दिवशी ते विसरले. "वृंदा, शालू गेली," एवढंच म्हणाले. दुपारी जेवून खिडकीपाशी खुर्चीत बसल्या, आणि अण्णा चहा घेऊन आले तेव्हा... उठल्याच नाहीत. मी भलत्याच स्टॉपवर उतरले आणि शेल्टरखाली पंधरा मिनिटं नुसती उभी राहिले. रडू आलं नाही. ते आलं दुसऱ्यांदा कळलं तेव्हा, चार दिवसांनी, आणि ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं.

दुसऱ्यांदा कळलं ते शाळेच्या ईमेलमधून. माझ्या मुलीनं, इरानं, ती शाळा सोडून सहा वर्षं झाली, तरी माझं नाव त्यांच्या यादीत अजून आहे. "आमच्या लाडक्या शालू," असं लिहिलं होतं. "मैदानावरच्या मायेचा चेहरा. आमच्या अँटी-बुलीइंग धोरणाचा चालताबोलता आदर्श." सोबत फोटो. नोव्हेंबरात एक दिवस सगळ्या शाळेनं दोन पायांत दोन वेगळे मोजे घालून यायचं असतं, आपण सगळे वेगळे आणि सगळे छान हे दाखवायला. त्या दिवसाचा फोटो होता, ताईंच्या एका पायात हिरवा मोजा आणि एकात जांभळा. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, असं ताई स्वतःच म्हणाल्या असत्या आणि खो खो हसल्या असत्या. मला नाही हसू आलं. कारण ज्या आठवड्यात तो फोटो काढला, त्याच आठवड्यात त्याच शाळेनं या चालत्याबोलत्या आदर्शाच्या हातात शिस्तभंगाची नोटीस ठेवली होती. शाळेचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर मलाही एक पत्र येईल, आणि त्यांची पत्रं कशी असतात ते मी पाहिलंय.

ताई मूळच्या साताऱ्याच्या. अण्णांना इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून आल्या आणि आमच्या रस्त्यामागच्या प्रायमरी शाळेत डिनर लेडी झाल्या. दुपारच्या सुट्टीत मैदानावर उभं राहून पोरांवर लक्ष ठेवायचं, पडलेल्याला उचलायचं, भांडणाऱ्यांना सोडवायचं, असं ते दीड तासाचं काम. पंजाबी ड्रेसवर पिवळं चमकतं जॅकेट, गळ्यात मंगळसूत्र आणि त्याच्या शेजारी शिट्टी, अशा अवतारात त्यांनी एकोणीस हिवाळे काढले. आम्ही त्या रस्त्यावर राहायला आलो त्याच संध्याकाळी त्यांनी बेल वाजवली. हातात थर्मास. "पुण्याची ना गं तू? मग घाबरू नकोस, मी चहा घेऊनच आलेय!" अशी त्यांची माझ्याशी ओळख. मी त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान, फिजिओथेरपिस्ट, स्वतःला फार शहाणी समजणारी. त्यांनी मला कधी शहाणी म्हटलं नाही, पण उपाशीही ठेवलं नाही.

त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूला मराठी दिनदर्शिका लटकलेली असायची, आणि तिच्या खिळ्याला दोरीनं बांधलेलं पेन. दर डिसेंबरात वेम्बलीला, ईलिंग रोडवर, भाजीबरोबर ही दिनदर्शिका आणायची म्हणजे आणायची. मग वर्षभर त्या चौकटींत काय वाटेल ते लिहिलेलं असे. "बॉयलरवाला आला नाही." "गवार जून निघाली." "अण्णांची रक्ततपासणी." आपल्याकडे घरोघरी बायका लिहितातच असं, त्यात नवल काही नाही. पण ताईंच्या चौकटींत, एकादशी आणि संकष्टीच्या मधल्या जागेत, शाळाही असायची. मैदानावर कोण पडलं, कोण एकटं बसलं, कुणाला खेळात घेतलं नाही. मी एकदा चिडवलं, "ताई, सगळी शाळा काय फ्रीजला टांगायची?" तर म्हणाल्या, "अगं, आता लक्षात राहत नाही. आणि शाळेत लिहायला म्हणून ठेवलेली वही कुणी उघडत नाही. निदान माझी मी तरी उघडते."

इरा सहावीत गेली तेव्हाची गोष्ट. दहा वर्षांची पोर. गरमी असतानाही लांब बाह्यांचा स्वेटर काढेना. रोज घरी आली की बाथरूममध्ये पंधरा-पंधरा मिनिटं हात धुवायची, कोपरापर्यंत, सालं निघेस्तोवर. मी काय केलं असेल? मी क्रीम लावलं! एक्झिमा असेल म्हटलं. घरात दोन माणसं हॉस्पिटलात काम करणारी, एक डॉक्टर, एक फिजिओ, आणि दोघांनाही पोरीचे हात दिसले, पोर दिसली नाही. ती दिसली मैदानावरच्या डिनर लेडीला. एका संध्याकाळी ताईंनी मला बोलावून घेतलं, दिनदर्शिकेची मागची तीन पानं उलटली आणि चौकटीवर बोट ठेवून ठेवून वाचून दाखवलं. वर्गातल्या चार मुलींनी एक खेळ काढला होता. इराचा हात किंवा कपडा लागला की तो 'टच' लगेच भिंतीला पुसायचा, नाहीतर तुम्हीपण घाण झालात. हळूहळू सगळा वर्ग पुसायला लागला. तिच्या बाकावर कुणी बसेना, रांगेत तिच्यापुढे आणि मागे हातभर जागा सोडायची. आणि मग एक चौकट होती, तिथे ताईंचं अक्षर जरा वाकडं झालं होतं. "आज इराचा हात स्वतःच्याच कोपराला लागला. तिनं तो भिंतीला पुसला. तिथे कुणी नव्हतं."

मी त्या मुलींवर रागावले नाही असं नाही, पण त्या दहा वर्षांच्या होत्या. ताईंनी तर त्यांची नावंसुद्धा लिहिली नव्हती. 'लाल बूट', 'दोन वेण्या', 'उंच पोरगी', असं लिहिलं होतं. मी विचारलं नावं का नाही, तर म्हणाल्या, "उद्या शहाण्या होतील गं त्या. नाव एकदा लिहिलं की चिकटतं." खरं नाव फक्त इराचं होतं.

मी आणि आमचे डॉक्टर, म्हणजे इराचे बाबा, शाळेत गेलो. हेडबाई अतिशय गोड. बिस्किटं पुढे केली, टिश्यूचा डबा आधीच टेबलावर. धोरणाची प्रत आम्हाला भेट दिली, अकरा पानं, मुखपृष्ठावर हातात हात घातलेली मुलं. त्यात लिहिलं होतं की छळ म्हणजे जे मुद्दाम आणि अनेक वेळा केलं जातं ते. मी म्हटलं, हेच तर झालंय, रोज झालंय. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि मान तिरपी करून म्हणाल्या, नोंद एकच आहे, सप्टेंबरातली, 'फ्रेंडशिप इश्यू' म्हणून. अनेक वेळा झाल्याची नोंद नाही. म्हणजे नोंद तुम्ही ठेवायची नाही, आणि नोंद नाही म्हणून छळ झालाच नाही! माझ्या क्लिनिकमध्ये मी पेशंटचा गुडघा किती अंश वाकला हे लिहिलं नाही तर तो वाकलाच नाही असं धरतात आणि जाब मला विचारतात. इथे लिहिलं नाही तर शाबासकी, कारण आकडा शून्य म्हणजे शाळा छान. इंग्लंडातला कायदा सांगतो की शाळेनं छळ रोखण्याचे उपाय आखले पाहिजेत, ते धोरणात लिहिले पाहिजेत. प्रत्येक प्रकार नोंदवलाच पाहिजे, असं सांगत नाही. कागदी घोडे नाचवायचे तर मैदान मोकळं लागतं, ते कायद्यानंच मोकळं ठेवलंय.

मी घरी येऊन ताईंना हे सांगितलं, तापलेलीच होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढली, गुंडाळली, रबर लावलं आणि कामावर जाताना घेऊन गेल्या. हेडबाईंच्या टेबलावर उलगडून ठेवली. "यू सेड नो रेकॉर्ड. हिअर इज रेकॉर्ड," म्हणाल्या. हे त्यांनीच मला नंतर करून दाखवलं, हात कमरेवर ठेवून. हेडबाईंनी चंद्राच्या कलांची चित्रं पाहिली आणि विचारलं, हे काही धार्मिक आहे का? ताईंनी एकेक चौकट वाचून सांगितली तर विचारलं, गवारीबद्दल जे लिहिलंय ते आणि मुलांबद्दलचं एकाच ठिकाणी कसं? मग म्हणाल्या, हे ठरलेल्या फॉर्मवर नाही, इंग्रजीत नाही, म्हणून धरता येणार नाही. आणि सगळ्यात शेवटी, आवाज आणखी गोड करून... शाळेतल्या मुलीचं नाव कर्मचाऱ्यानं घरी, स्वयंपाकघरात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं टांगून ठेवणं हा माहितीच्या गोपनीयतेचा भंग आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! आठवडाभरात नोटीस आली. शाळेच्या गव्हर्नरांपैकी, म्हणजे व्यवस्थापन मंडळातल्या, तिघांच्या समितीपुढे हजर व्हा.

नोटिशीत एक सवलत होती. ताईंना वाटलं तर नोंदींचं भाषांतर वाचून दाखवायला कुणाला तरी आणता येईल. त्या माझ्याकडे आल्या. पायरीवरच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत, हे मला तेव्हा विचित्र वाटलं. "तू ये आणि वाच," म्हणाल्या. "माझं इंग्लिश पोरांपुढे पळतं गं, साहेबांपुढे अडखळतं. मला माझ्या नोकरीचं काही नाही. पण इराचं जे झालं ते खोटं ठरायला नको. एकदा त्यांच्या कागदावर चढलं की झालं." मी म्हटलं, येते ताई, म्हणजे काय, येणारच. शेंडी तुटो वा पारंबी. असंच म्हटलं होतं मी, याच शब्दांत.

समितीच्या दोन दिवस आधी हेडबाईंनी मला 'छोट्याशा गप्पांसाठी' बोलावलं. इरा एका खासगी सेकंडरी शाळेच्या स्कॉलरशिपला बसली होती आणि तिथे हेडचं शिफारसपत्र लागायचं. हेडबाई धमकी देणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "इराबद्दल काहीतरी छान लिहायचंय, पण मला वाटतं आधी हे सगळं शांत होऊ दे, घराचा आणि शाळेचा एकमेकांवर विश्वास दिसायला हवा, नाही का?" मी मान हलवली. घरी डॉक्टर म्हणाले, "ताईंची नोकरी थोडीच जाणारेय, फार तर समज देतील. आपण कशाला वाकड्यात शिरायचं? पोरीचं भविष्य बघ." आणि मला, पुण्याच्या शहाणीला, ते पटलं. शिक्षकांविरुद्ध तोंड उघडायचं नाही हे लहानपणापासून कानात भरलेलं. त्यावर इथे येऊन आम्ही आणखी एक थर चढवला, की आपण परक्या देशात आहोत, आपलं काम झालं की बास. असलं शहाणपण आमच्यासारख्या घरांत ढिगानं मिळतं. समितीच्या दुपारी मी रजा घेतली होती. ती रजा मी रोपवाटिकेच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून घालवली. सँडविच खाल्लं. फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा 'शालूताई'. मी तो पालथा घातला.

ताई एकट्या गेल्या. अडखळल्या असतील. त्यांना लेखी समज मिळाली, आणि मैदानावरून काढून आत हॉलमध्ये जेवणाची टेबलं पुसायचं काम दिलं, जिथून मैदान दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर पायरीवर स्टीलचा डबा. मऊ भात, वर मेतकूट, वाटीत लिंबाचं लोणचं. चिठ्ठी नाही. मला वाटलं, टोमणा आहे. खा आणि गप्प बस, असं काहीतरी. इतका राग आला मला, त्यांचाच! डबा मी रिकामा करून तीन दिवसांनी इराच्या हाती परत पाठवला. स्वतः गेले नाही. त्यानंतर आम्ही भेटलो, दिवाळीला फराळाची देवाणघेवाण झाली, सगळं झालं, पण त्या दुपारबद्दल त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. शिफारसपत्र आलं, चार ओळींचं. स्कॉलरशिप मिळाली नाही. इरा जवळच्याच सरकारी शाळेत गेली आणि बरी शिकतेय. ज्याच्यासाठी मी तोंड शिवून घेतलं, ते असं झालं.

ताईंनी त्या उन्हाळ्यात काम सोडलं. पण गप्प बसतील त्या ताई कसल्या! अण्णांकडून टाइप करून घेऊन खासदाराला पत्रं पाठवायच्या, दर टर्मच्या सुरुवातीला एक. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये शाळांना छळाची नोंद ठेवणं कायद्यानं भाग आहे, मग क्रॉयडनच्या पोरांनी काय घोडं मारलंय, असा साधा प्रश्न. उत्तर यायचं, आपल्या आस्थेबद्दल आभार. त्या उत्तराच्या पाठीमागे भाजीची यादी करायच्या. आणि इराला दर शनिवारी बोलावून थालीपीठ आणि अ-आ-इ शिकवायच्या. इरा मराठी वाचायला शिकली ती त्यांच्याकडे, माझ्याकडे नाही. हेडबाई आता दुसऱ्या शाळांना धोरणं लिहून देण्याचं काम करतात, असं ऐकते. शाळेच्या त्या ईमेलला मी उत्तर लिहिलं, दोन पानी, समितीबद्दल सगळं, एकही शब्द न गाळता. स्वतःबद्दलचं मात्र गाळलं. त्यांच्याकडून आपोआप येणारं उत्तर आलं, तुमचा निरोप आम्हाला महत्त्वाचा आहे.

गेल्या शनिवारी अण्णांकडे गेलो, मी आणि इरा. अण्णांनी कपाटातून दिनदर्शिकांची भेंडोळी काढून ठेवली होती. "शालूनं सांगून ठेवलं होतं, ही पोरीला द्यायची," म्हणाले आणि चहा टाकायला वळले. इरानं तिच्या सहावीचं वर्ष काढलं. जमिनीवर बसून, बोट ठेवून ठेवून, अक्षर लावून वाचू लागली. लाल बूट. दोन वेण्या. हात भिंतीला पुसला, ते तिनं दोनदा वाचलं. मी म्हटलं राहू दे आता. "नाही आई, मला वाचायचा आहे. She saw everything." पान उलटलं. नोव्हेंबर. समितीची ती तारीख मला पाठ होती, तिथे बोट पोचायच्या आधी मी उठून खिडकीपाशी गेले... पण ऐकू तर येतंच. "एकटीच गेले. वृं-दा आली नाही. फोन उचलत नाही. ब-रं... बरं नसेल." आणि पुढच्या चौकटीत, "वृंदाला मऊ भात दिला."

टोमणा नव्हता तो. आजाऱ्याचं जेवण होतं. शाळेनं ज्यांना खोटं पाडलं, त्या बाईनं दुसऱ्या दिवशी सकाळी उठून माझ्यासाठी भात शिजवला, कारण धडधाकट वृंदा येणार नाही हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आणि मी तो भात रागारागानं खाल्ला.

"आई, त्या दिवशी तुला काय झाला होता?" इरानं वर पाहून विचारलं. अगदी साधं विचारलं, काळजीनं. सतरा वर्षांची आहे, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरात अण्णांनी गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"काही नव्हतं झालं, इरा," मी म्हटलं. "मी ठणठणीत होते."

मी स्वयंपाकघरात गेले. फ्रीजच्या बाजूला या वर्षाची दिनदर्शिका तशीच लटकली होती, ताई गेल्या त्या दिवसापासून पुढच्या सगळ्या चौकटी कोऱ्या. अण्णांना विचारलं, लिहू का? ते हो म्हणाले. मी दोरीचं पेन घेतलं आणि त्या शनिवारच्या चौकटीत लिहिलं, "वृंदाला बरं होतं. घाबरली म्हणून आली नाही."